हेडफोनांविषयीं मालकांची साक्ष

परीक्षा संपून सुटी लागण्याच्या सुमारास वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस जे प्रश्न विचारतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. गाणीं व पाठ ऐकण्यासाठीं स्टुडिओंत वापरतात तसला हेडफोन घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता, हा तो प्रश्न. प्रश्न क्षुल्लक नाहीं. असा हेडफोन स्वस्तांतला म्हटला तरी कांहीं हजार रुपयांस पडतो, आणि तितके रुपये पुष्कळ घरांतून विचार केल्यावांचून बाहेर पडत नाहींत. शिवाय जी वस्तु रोज दोन-तीन तास कानाशीं राहावयाची, तिची निवड चुकल्यास होणारें नुकसान केवळ पैशाचेंच असतें असें नाहीं.

अशा वेळीं साधारण रीत ही कीं, ज्यांनीं ती वस्तु स्वतःच्या पैशानें घेऊन वर्ष-दोन वर्षें वापरली, त्यांस विचारावें. रीत चांगली आहे. दुकानदारास माल खपवावयाचा असतो. मालकाचे पैसे मात्र देऊन झालेले असतात. परंतु मालकांचीं मतें गोळा करूं गेलेला विद्यार्थी थोड्याच वेळांत गोंधळून जातो. एकाच हेडफोनाविषयीं एक मालक सांगतो कीं, त्यांतून गायकाचा श्वास देखील ऐकूं येतो; दुसरा सांगतो कीं, अर्ध्या तासांत कान दुखूं लागतात. एकास खर्ज भरदार वाटतो, तर दुसऱ्यास तोच पोकळ. दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसतो. मग एकाच वस्तूविषयीं दोन प्रामाणिक माणसांच्या साक्षी इतक्या विरुद्ध कां पडाव्या? विद्यार्थिमित्रहो, आज आपणांस याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम 'स्टुडिओ' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. तो मोठेपणाचा शब्द नव्हे, कामाचा आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं गायकाच्या कानांवर साथीचे सूर हेडफोनांतून पोहोंचवितात. ते सूर बाहेर झिरपले तर समोरच्या मायक्रोफोनांत शिरून सारें मुद्रण बिघडवितात. म्हणून असल्या हेडफोनांच्या वाट्या बहुधा मागून बंद असतात. दुसरीकडे मुद्रण करणारा तंत्रज्ञ आपल्या हेडफोनांतून दोष हुडकीत बसलेला असतो: कोठें खरखर झाली, कोठें श्वास मायक्रोफोनावर आदळला, कोठें पानाची सळसळ आली. सोनाराची कसोटी सोन्याची शोभा वाढवीत नाहीं. सोनें किती कसाचें आहे एवढेंच ती सांगते. या हेडफोनांचें काम त्याच जातीचें आहे. गाणें गोड करून ऐकविण्यासाठीं ते बनविलेलेच नाहींत. मालकांच्या पुष्कळशा तक्रारींचें मूळ येथेंच आहे. कसोटीचा दगड विकत घ्यावयाचा, आणि तो दागिन्यासारखा शोभत नाहीं म्हणून रुसावयाचें!

या वस्तूचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकेंत यूटा संस्थानांत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन १९१० सालीं आरमाराकडे धाडले, व परीक्षा होऊन आरमारानें ते मागविले. त्यांतून संगीत नव्हे, बिनतारी संदेश ऐकावयाचे होते. जर्मनींत ऑयगेन बायर याच्या कारखान्यांतून 'डीटी ४८' हा नमुना १९३७ सालीं निघाला. घरीं बसून संगीत ऐकण्यासाठीं स्टीरिओ हेडफोन १९५८ सालीं अमेरिकेंतील जॉन कॉस यानें आणला. पुढें १९७९ सालीं सोनीचा वॉकमन आला, आणि कानांवर हेडफोन लावून रस्त्यानें चालणारा मनुष्य सर्वत्र दिसूं लागला. येथून पुढें स्टुडिओंतील कामाचा हेडफोन आणि हौसेचा हेडफोन यांमधील भिंत हळू हळू खचत गेली आहे.

आतां कांहीं प्रत्यक्ष नमुने व त्यांच्या मालकांची साक्ष पाहूं.

सोनीचा एमडीआर ७५०६ हा हेडफोन १९९१ सालीं निघाला, आणि आजहि जवळ जवळ त्याच रूपांत विकला जातो. वजनास हलका, घडी करून पिशवींत मावणारा, वाटीवर निळी पट्टी असलेला, अमेरिकेंत सुमारें १०० डॉलरांस मिळत आलेला असा हा नमुना आहे. त्याच्या गुणांविषयीं मालकांचें बरेंचसें एकमत आहे. बोललेला शब्द त्यांतून अतिशय स्वच्छ कळतो, असें ते सांगतात. यांत नवल नाहीं. 'चहा' या शब्दांतील च आणि 'चाक' या शब्दांतील च यांतील भेद, किंवा स आणि श यांतील भेद, हा मुख्यत्वें ध्वनीच्या उंच कंपनांत सांठविलेला असतो. आणि हा हेडफोन ती उंच बाजू जरा पुढें करून दाखवितो. व्याख्यानें किंवा परभाषेचे पाठ ऐकणारास याहून अधिक काय पाहिजे? परंतु ह्याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे मालकांची पहिली तक्रार होय. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरील गायन अशा हेडफोनांतून ऐकावें, तर खाँसाहेबांच्या सुराइतकीच तबकडीची खरखरहि कानांत भरते. ज्याचा बहुतेक वेळ जुन्या संगीतांत जातो, त्याची साक्ष म्हणूनच प्रतिकूल पडते. जो भाषणें ऐकतो, त्याची अनुकूल. दोघांनीं ऐकलेली वस्तु एकच, ऐकविलेला माल मात्र निराळा.

दुसऱ्या दोन तक्रारींत मतभेद नाहीं. जुन्या दूरध्वनीच्या वायरीसारखी पिळाची जी लांब वायर याला असते, ती मेजाशीं बसलेल्या तंत्रज्ञास सोयीची, पण चालणारास लोढण्यासारखी. आणि ती काढून दुसरी लावतां येत नाहीं. शिवाय कानांवरील गाद्यांचें कृत्रिम चामडें कालांतरानें सुटूं लागतें व त्याचे काळे पापुद्रे गालास चिकटतात. घाम आणि दमट हवा यांनीं असलें चामडें लवकर खराब होतें. तेव्हां थंड, कोरड्या देशांतील मालकानें गाद्या इतकीं वर्षें टिकल्या असें सांगितलें, तर रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या वाचकानें त्यांतून कांहीं वर्षें वजा करावीं हें बरें.

ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या एटीएच-एम ५० एक्स विषयींचा वाद याहून जोराचा आहे. मूळचा एम ५० हा २००७ सालचा. २०१४ सालीं त्यास काढघाल करतां येणारी वायर मिळाली व नांवापुढें 'एक्स' आला. लहान-मोठ्या तीन वायरी खोक्यांतच येतात, ही गोष्ट मालक आवर्जून सांगतात. वाद आहे तो खर्जाचा. तबल्याचा ठेका लावला असतां डग्ग्याची घुमक यांत चांगलीच पुढें येते. स्वस्त, कानांत खुपसण्याच्या साधनांतून नुसता दणदणाट ऐकण्याची ज्यास संवय, त्यास हा खर्ज मोजका व निर्मळ वाटतो. ज्यानें आधीं दुसरे स्टुडिओ हेडफोन वापरले, त्यास तोच जास्त वाटतो. साक्षीदार आधीं काय ऐकत होता, हें समजल्याखेरीज येथें 'जास्त' व 'कमी' या शब्दांस कांहींच अर्थ नाहीं. याच कंपनीचा याहून स्वस्त असा एम ४० एक्स अधिक समतोल आहे असें पुष्कळ मालक म्हणतात. गायन ऐकणाऱ्या विद्यार्थ्यानें अधिक पैसे देण्यापूर्वीं तो एकदां कानांस लावून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

बायरडायनामिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा जर्मन हेडफोन किंमतीनें थोडा वर आहे. मऊ मखमलीसारख्या गाद्यांमुळें तो तासन्‌ तास घालून बसतां येतो, आणि त्याचे बहुतेक भाग सुटे मिळतात, याविषयीं त्याच्या मालकांत दुमत नाहीं. स, श यांसारखे ऊष्म वर्ण त्यांतून धारदार निघतात, हीहि तक्रार जुनीच. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा गोंगाट चांगला अडवितो, पण डोकें घट्ट आवळतो. एकेजीचा के २४० हलका व मोकळा, पण अर्धवट उघडा असल्यामुळें त्यांतील गाणें शेजाऱ्यासहि ऐकूं जातें. एका खोलींत दोन भावंडें अभ्यास करीत असतील तर तो घेऊं नये.

डीटी ७७० विषयीं एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, कित्येक मालक त्याचा आवाज फारच लहान आहे अशी तक्रार करितात, आणि इतरांस ती तक्रार समजतच नाहीं. याचें उत्तर दहावीच्या पदार्थविज्ञानांत आहे. हा हेडफोन ३२, ८० व २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. ओहम हें विजेच्या प्रवाहास होणाऱ्या विरोधाचें माप. विद्युत्‌दाबाच्या वर्गास विरोधानें भागलें म्हणजे शक्ति निघते, हें आपण शिकलां आहां. समजा, मोबाईल जास्तींत जास्त १ व्होल्ट दाब देतो. मग ३२ ओहमच्या हेडफोनास सुमारें ३१ मिलिवॅट शक्ति मिळेल, आणि २५० ओहमच्या हेडफोनास अवघी ४. हा फरक जवळ जवळ ९ डेसिबेलांचा झाला. चित्रपटांतील नवीं गाणीं मुळांतच मोठ्या आवाजांत मुद्रित केलेलीं असतात, तीं तेवढ्या शक्तीवरहि चालून जातात. पण हळुवार आलापी ऐकूं लागलें कीं आवाज पुरत नाहीं. स्टुडिओंत निराळें प्रवर्धक यंत्र असतें, तेथें अडचण येत नाहीं. म्हणून कोणी 'आवाज लहान' म्हटलें, तर तो कशास जोडला होता व कोणत्या ओहमचा होता हें आधीं विचारावें. सोनीचा विरोध ६३ ओहम व एम ५० एक्सचा ३८ ओहम आहे. ते साध्या मोबाईलावर चालतात. मात्र हल्लींच्या अनेक मोबाईलांस हेडफोनाचें भोंकच नसतें. २०१६ सालीं आयफोनांतून तें काढलें गेलें, व पुढें इतरांनींहि तोच मार्ग धरला. मग मध्यें एक छोटा जोड लावावा लागतो, व त्या जोडांतच आवाज घडविणारें यंत्र बसविलेलें असतें. तो जोड निकृष्ट असेल तर बोल मात्र हेडफोनास लागतो.

विरोधाचें गणित वहींत मांडतां येतें. कानाचें तसें नाहीं. बंद वाटीच्या हेडफोनाचा खर्ज हा गादी कानाभोंवतीं नीट चिकटण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, दाट केंस, कानांवरून घेतलेला पदर यांपैकीं कशानेंहि फट राहिली, तर प्रथम खर्ज गळून जातो. खर्ज पोकळ आहे म्हणणारास चष्मा आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं, विचारलें पाहिजे. पुढें, प्रत्येकाच्या कानाची पाळ व कर्णनलिका यांचा आकार निराळा. साधारणतः दर सेकंदास ३,००० च्या आसपास कंपनें असलेला ध्वनि कर्णनलिकेंतच वाढतो. म्हणून हेडफोन 'सपाट' असावा या म्हणण्याचा अर्थ, यंत्रावर सरळ रेघ उमटावी असा नाहीं. त्या ठिकाणीं उंचवटा असलेलाच हेडफोन कानास नैसर्गिक वाटतो. याहून वरच्या कंपनांत तर दोन माणसांच्या कानांत फारच अंतर पडतें. एकास टोचणारा स्वर दुसऱ्यास जाणवतहि नाहीं. वयाचाहि प्रश्न आहेच. अगदीं उंच कंपनें ऐकण्याची शक्ति वाढत्या वयाबरोबर ओसरत जाते. तेव्हां आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या मालकानें एखादा हेडफोन सौम्य आहे असें सांगितलें, तर पंधरा वर्षांच्या मुलानें तें जसेंच्या तसें घेऊं नये.

तुलना करणारांची सर्वांत मोठी फसवणूक मात्र आवाजाच्या लहान-मोठेपणानें होते. फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतांना आपल्या कानास खर्ज त्या मानानें फारच कमी ऐकूं येतो, आणि आवाज वाढविला कीं तो भरून येतो. दोन हेडफोन एकाच मोबाईलावर, आवाजाची खूण न हलवितां ऐकले, तर त्यांतला जो मोठा वाजतो तोच अधिक भरदार, अधिक चांगला असा भास होतो. त्यांत हेडफोनाचें कर्तृत्व कांहींच नसतें. दोन्हींचा आवाज कानास सारखा वाटेपर्यंत कमी-जास्त करून मग तुलना करावी. गाणेंहि तोंडपाठ असलेलेंच घ्यावें. नवीन गाण्यांत काय हरवलें हें कळणार कसें?

किंमत पाहून निवड करावी असें म्हणणारे पुष्कळ आहेत. २०१७ सालीं येरून ब्रेबार्ट या संशोधकानें २८३ हेडफोनांचीं मापें तपासून असा निष्कर्ष काढला कीं, उंच-नीच कंपनांतील समतोल आणि बाजारांतील किंमत यांचा एकमेकांशीं संबंध आढळत नाहीं. अर्थात्‌ किंमत सगळीच व्यर्थ जाते असें यावरून ठरत नाहीं. मजबुती, आराम, सुटे भाग यांसहि पैसे पडतात. पण महाग घेणाऱ्या मालकास आपले पैसे वाया गेले असें कबूल करणें जड जातें, हा मनुष्यस्वभाव साक्ष ऐकतांना विसरतां कामा नये. स्वस्त घेणारासहि आपण फार हुशारी केली असें वाटत असतेंच. त्याचप्रमाणें पहिल्या आठवड्यांतील मताला आम्ही फारशी किंमत देत नाहीं. त्या दिवसांत नव्या वस्तूचा आनंद बोलत असतो, अथवा जुन्या संवयीचा राग. कान नव्या समतोलास हळू हळू रुळतो. वर्षानंतरही जो मालक सांगतो कीं दाब सैल झाला, कान तापत नाहीं, वायर तुटली नाहीं, त्याचे चार शब्द ऐकण्यासारखे असतात.

स्टुडिओंतील वस्तु रोजच्या वापरांत आणली, म्हणजे एक प्रश्न असा उत्पन्न होतो कीं ज्याचा उल्लेख मालक क्वचितच करितात. तो कानाच्या आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानकाप्रमाणें मोठ्या माणसांनीं ८० डेसिबेल आवाज आठवड्यांतून ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. मुलांसाठीं ही मर्यादा तितक्याच तासांना ७५ डेसिबेल आहे. आवाज ३ डेसिबेलांनीं वाढला कीं कानावर पडणारी शक्ति दुप्पट होते, म्हणून वेळ निम्म्यावर आणावा लागतो. मोठ्यांच्या मर्यादेवरून हिशेब केला तर ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला आठवड्याचे अवघे अडीच तास उरतात. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी ध्वनि ग्रहण करितात, त्या माणसांत एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. नुकसान दुखत नाहीं, म्हणून तें कळत नाहीं. पुढें कधीं तरी वर्गांत मागच्या बाकावरून शब्द तुटक ऐकूं येऊं लागतात.

येथें बंद वाटीच्या हेडफोनाचा एक खरा उपयोग आहे. भोंवतालचा गलबला वाटीबाहेरच थोपला, म्हणजे गाणें मोठें करण्याची गरज राहत नाहीं. पण ही थोपवणूक बोलण्याचालण्याच्या, भांड्यांच्या आवाजास जितकी लागू पडते तितकी गाडीच्या खालच्या घरघरीस लागू पडत नाहीं. मुंबईच्या लोकल गाडींत बसलेला विद्यार्थी त्या घरघरीवर मात करण्यासाठीं आवाज वाढवीत जातो, व घरीं पोहोंचल्यावर तोच आवाज त्यास असह्य वाटतो. ज्याचें ऐकणें मुख्यतः प्रवासांतच होणार, त्यानें स्टुडिओचा हेडफोन घेऊंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यासाठीं घरघर विजेच्या युक्तीनें पुसून टाकणारे निराळे हेडफोन मिळतात. आणि रूळ किंवा रस्ता ओलांडतांना तर कोणताहि हेडफोन कानांवर असतां कामा नये. ज्या गुणासाठीं तो घेतला, तोच गुण तेथें घातक होतो.

गाद्यांविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. मूळ गाद्या झिजल्यावर पुष्कळ मालक दुसऱ्याच कोणा कारखान्याच्या, अधिक जाड व मऊ गाद्या बसवितात. त्यांनीं कानास सुख होतें हें खरें. परंतु गादी जाड झाली कीं कान आवाजाच्या चकतीपासून दूर जातो, वाटींतील हवेचें माप बदलतें, आणि त्याबरोबर खर्जहि बदलतो व तार स्वरहि. असा मालक पुढें जें मत देतो, तें त्या हेडफोनाविषयीं नसून एका निराळ्याच वस्तूविषयीं असतें. त्याला स्वतःला त्याची कल्पनाहि नसते. म्हणून साक्ष घेतांना गाद्या मूळच्याच आहेत काय, हें विचारावें. आणि विकत घेतांना मूळ गाद्यांची दुसरी जोडी येथें मिळते काय व तिला किती पडतात, हें दुकानदाराकडून पैसे देण्यापूर्वींच समजून घ्यावें.